तीन रेषा आणि एक खाडी





या व्याख्यानमालेसाठी ‘हवामानबदल आणि किनारपट्टीवरचा पूर’ हा विषय ठरला, तेव्हा आयोजकांपैकी एकांनी मला फोनवर विचारलं, ‘‘सर, विषय चांगला आहे, पण आपल्याकडे समुद्र कुठाय?’’ प्रश्न रास्त आहे. बाळकुम नाक्यावर उभं राहिलं की दिसतो तो आग्रा रोड, मेट्रोचे खांब आणि टेम्पोंची रांग. समुद्र बघायचा तर माणूस लोकल पकडून चर्चगेटला जातो. पण काशेळीच्या पुलावर दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं, ते कुणाच्या सांगण्यावरून? उल्हास नदीच्या सांगण्यावरून नक्कीच नाही. ती भरती आहे. ती वसईच्या तोंडातून आत शिरते, घोडबंदर, गायमुख, कोलशेत करत इथवर येते आणि इथून पुढे डोंबिवलीचं मोठागाव, कल्याणचं दुर्गाडी असं करत वर जाते. शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात कल्याण-भिवंडीच्या खाडीत केली ती उगाच नव्हे. जहाज बांधायला आणि पाण्यात सोडायला समुद्राचं पाणी तिथवर पोचत होतं म्हणून.

आपल्याला दोन दारं आहेत, हे ध्यानात घ्या. एक वसईचं. दुसरं मुंबई बंदराचं, म्हणजे ठाण्याची खाडी. ती मुंबई बंदराकडून सव्वीसेक किलोमीटर वर सरकत कळव्यापर्यंत येते. साकेत-कळव्याच्या परिसरात एका चिंचोळ्या फाट्यानं ही दोन पाण्यं एकमेकांना भेटतात. बाळकुम या भेटीच्या अगदी शेजारी आहे. तेव्हा समुद्र कुठाय, याचं उत्तर: तो दोन्ही बाजूंनी येतो.

एक गोष्ट तुम्ही स्वतः बघून या, माझ्यावर विश्वास ठेवू नका. ऑगस्टमधल्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी, अमावास्या-पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी, भर दुपारी खाडीला मिळणाऱ्या कुठल्याही मोठ्या नाल्याच्या कडेला जा. पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. आणि नाला उलटा वाहताना दिसेल. जलपर्णीचे पुंजके, थर्माकोलचे तुकडे, गणपतीच्या निर्माल्याची पिशवी, सगळं खाडीकडून वस्तीकडे चाललेलं. नाल्याच्या भिंतीवर शेवाळ्याची एक हिरवी पट्टी असते. पाणी तिला टेकतं, अर्धा-पाऊण तास तिथंच ताटकळतं आणि मग माघारी फिरतं. त्या पट्टीपासून कठड्याच्या वरच्या कडेपर्यंत जी मोकळी भिंत उरते, ती तुमची शिल्लक. आजचं माझं सगळं बोलणं त्या शिल्लकीविषयी आहे. ती किती आहे? कोणी मोजली आहे? आणि ती कशानं संपते?

आता वादळाकडे येऊ. चक्रीवादळात समुद्र तीन कारणांनी फुगतो. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, तेवढा पाण्यावरचा भार हलका होतो. ढोबळ हिशेब सोपा आहे: दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की पाणी एक सेंटिमीटर वर. म्हणजे चांगलं तगडं वादळ असलं तरी या कारणानं पाणी फार तर फूट-दीड फूट चढेल. दुसरं आणि खरं कारण वारा. बशीतल्या चहावर फुंकर मारली की चहा समोरच्या काठावर चढतो. बशी जितकी उथळ तितका जास्त चढतो. समुद्राचं तसंच. वारा किनाऱ्याकडे पाणी लोटत राहतो, तळ उथळ असला की त्या पाण्याला खालून परत जायला वाव मिळत नाही आणि ते किनाऱ्याला साचतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. तिसरं कारण लाटांचं. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा आणखी थोडं पाणी आत ढकलतात. या सगळ्याची बेरीज म्हणजे वादळाचा फुगवटा. हा लाटेसारखा येऊन फुटून जात नाही. पाण्याची अख्खी पातळीच काही तास वर राहते.

इथं जरा थांबून एक खटकणारी गोष्ट सांगतो. पावसाळ्यात बातमी येते, ‘आज 4.9 मीटरच्या लाटा उसळणार’. अहो, त्या लाटा नव्हेत! तो भरतीच्या पातळीचा आकडा आहे आणि तो मोजलाय ओहोटीच्या जवळजवळ सर्वांत खालच्या पातळीपासून. इमारतीच्या नकाशावर जी जमिनीची उंची लिहिलेली असते ती मोजतात समुद्राच्या सरासरी पातळीपासून. मुंबईला या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे 4.9 मीटरची भरती ही नकाशावरच्या 2.4 मीटरला टेकते. हा अडीच मीटरचा घोळ डोक्यात असेल तर माणूस एक तर विनाकारण घाबरतो, नाहीतर विनाकारण निर्धास्त राहतो. शिवाय तो आकडा असतो मुंबईतल्या अपोलो बंदरचा. बाळकुमला भरती पोचते उशिरा आणि तिची उंचीही तीच राहत नाही.

तर अपोलो बंदरला उधाणाची, म्हणजे अमावास्या-पुनवेच्या आसपासची, सरासरी भरती आहे 4.4 मीटर. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, 3.3. आता समजा वादळानं एक मीटर फुगवटा आणला. भांगाच्या भरतीवर आणला तर पाणी जाईल 4.3 मीटरवर. म्हणजे काय झालं? काहीच नाही. दर पंधरवड्याला जेवढं पाणी येतं त्याहून कमीच आलं. तोच एक मीटर उधाणाच्या भरतीवर आणला तर 5.4. भरतीच्या कोष्टकात हा आकडा तुम्हाला कुठेही सापडणार नाही. वादळ तेच, फुगवटा तोच. फरक फक्त तिथीचा आणि तासाचा. ओहोटीत आलं तर त्याहूनही वेगळं.

आंध्रच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतलं अंतर लहान आहे, तिथं वादळ कधीही आलं तरी फुगवटा जवळपास पुरता अंगावर येतो. आपल्याकडे भरती मोठी, त्यामुळे वेळेवर बरंच अवलंबून. न्यूयॉर्कला 2012 मध्ये सँडी वादळ आलं, तेव्हा शहराच्या दक्षिण टोकाला फुगवटा भरतीच्या वेळी पोचला आणि भुयारी रेल्वेत पाणी भरलं. त्याच रात्री लाँग आयलंडच्या खाडीच्या आतल्या टोकाला तर फुगवटा त्याहून मोठा होता, पण तिथं त्या वेळी ओहोटी होती. एकाच महानगरात एका बाजूला हाहाकार, दुसऱ्या बाजूला निभावलं.

आता आपलं काय झालं ते बघू. पंचांग काढा.

11 नोव्हेंबर 2009. फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्यावर आलं. अमावास्या पाच दिवसांवर, म्हणजे नेमका भांग. 17 मे 2021. तौक्ते मुंबईच्या पश्चिमेनं वर गेलं, कुलाब्याला वाऱ्याच्या झोतांनी ताशी 100 किलोमीटरचा आकडा ओलांडला, सांताक्रूझला 230 मिलिमीटर पाऊस पडला. अक्षय्य तृतीया होऊन तीन दिवस झाले होते; अमावास्येचं उधाण ओसरून पाणी भांगाकडे चाललेलं. आणि 3 जून 2020 चं निसर्ग? तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, भरती चढती होती. हवामान खात्यानं मुंबई, ठाणे आणि रायगडला नेहमीच्या भरतीवर एक ते दोन मीटर फुगवट्याचा इशारा दिला होता. मग आपण वाचलो कसे?

कारण निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरकडे गेलं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वादळाच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. आपण उत्तरेला होतो. आपला वारा पाणी बाहेर लोटत होता. श्रीवर्धन-मुरुडच्या लोकांच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा गेल्या, घरांची छपरं गेली, ते त्यांनी सोसलं. तेच वादळ पालघरजवळ लागलं असतं तर वसईच्या खाडीचं तोंड त्याच्या दक्षिणेला आलं असतं. त्रयोदशीच्या भरतीवर. तिथून आत इथपर्यंत काय पोचलं असतं?

तीन वादळं, तीन सुटका. दोनदा तिथीनं वाचवलं, एकदा दिशेनं. आणि आपण काय म्हणतो? ‘‘आमच्याकडे असलं काही होत नाही.’’

‘होत नाही’ म्हणणाऱ्यांना मुंबईचा जुना इतिहास दाखवला जातो. तिथंही जपून. 1882 साली मुंबईत वादळ येऊन लाखभर माणसं मेली, असं कित्येक ठिकाणी छापलेलं आहे. कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांनी त्याचा माग काढला, तर त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत आणि सरकारी कागदांत त्या वादळाचा पत्ताच नाही. ते घडलंच नव्हतं! कोणीतरी लिहिलं, पुढच्यानं उतरवून घेतलं. पण त्या नादात खरी वादळं विसरू नयेत. 1618 च्या मे महिन्यातलं, 1854 च्या नोव्हेंबरमधलं, आणि 1948 च्या नोव्हेंबरमधलं. हे शेवटचं आठवणारी माणसं परवापरवापर्यंत आपल्यात होती.

मग धोका मोजायचा कसा? दीडशे-दोनशे वर्षांत अशी मोजकी वादळं. एवढ्यावरून कोणी शहाणा माणूस सरासरी काढणार नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर हजारो काल्पनिक वादळं सोडतात. या वाटेनं, त्या वाटेनं, उधाणात, भांगात, पहाटे, दुपारी. प्रत्येकात पाणी कुठवर चढतं ते बघतात आणि शंभरात एक पातळी काढतात. शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी याचा अर्थ एकदा आलं की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. तुम्ही तीस वर्षांच्या हप्त्यांवर खाडीकाठी फ्लॅट घेतलात, तर कर्ज फिटेपर्यंत ते पाणी एकदा तरी येण्याची शक्यता सव्वीस टक्के होते. चारात एक. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘क्रीक व्ह्यू’ असतो, हा आकडा नसतो.

आणि हा हिशेब समुद्र जागच्या जागी राहील असं धरून. तो राहत नाहीये. अपोलो बंदरला 1878 पासून भरतीची नोंद होते. आपल्या भागातल्या महासागराच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. जगाचा समुद्र 1901 ते 2018 या काळात सरासरी वीस सेंटिमीटर चढला, आणि अलीकडे वर्षाला 3.7 मिलिमीटरच्या वेगानं चढतोय. 2021 च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार या शतकाअखेर, आपण किती धूर सोडतो त्यावर, ही वाढ साधारण एक फुटापासून एक मीटरपर्यंत जाऊ शकते. त्याच अहवालातलं दुसरं वाक्य मला जास्त अस्वस्थ करतं: पूर्वी शंभर वर्षांतून एकदा येणारी पातळी, 2100 पर्यंत जगातल्या निम्म्याहून अधिक भरतीमापकांवर वर्षातून एकदा तरी येईल. समुद्र हातभर चढला तर बिघडलं काय, असं वाटतं ना? तुमच्या नाल्याची शिल्लकच हातभर असेल तर?

वादळांचंही ऐका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये अरबी समुद्राचा हिशेब मांडला. 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये वादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली आणि अतितीव्र वादळांची 150 टक्क्यांनी. मूळ संख्या लहान आहे, त्यामुळे टक्के मोठे दिसतात, हे मी कबूल करतो. पण दिशा एकच आहे आणि समुद्र तापतोय हे कारणही समोर आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. इथं जरा कागदपत्रं उलगडावी लागतील, कंटाळू नका.

बाळकुमच्या पाण्यासाठी सरकारदरबारी तीन प्रकारच्या रेषा आहेत. पहिली पूररेषा, जलसंपदा खात्याची. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. हा हिशेब नदीचा, वरून येणाऱ्या पाण्याचा. दुसरी भरतीरेषा, सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची. 2019 च्या अधिसूचनेत खाडीकाठी तिच्यापासून पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढाच पट्टा नियंत्रणाखाली येतो. आणि खाडी नदीत कुठवर गेली हे ठरतं मिठावरून. ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या हजार भागांत पाच भाग मीठ मिळेल तिथवर खाडी. त्यापुढे नाही. पण भरतीचा रेटा मिठाला विचारून थांबतो का? पाणी खारट नसलं तरी भरतीनं अडवलेली नदी चढतेच. कल्याणला विचारा.

तिसरी धोकारेषा. ही भारतीय सर्वेक्षण विभागानं आखली. वादळ, भरती, समुद्राची वाढ आणि किनाऱ्याची झीज, सगळं धरून. म्हणजे आपल्या विषयाच्या सर्वांत जवळची. आणि 2019 च्या अधिसूचनेनं तिचं काय केलं? ती फक्त आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी वापरायची, बांधकामाला अडवण्यासाठी नाही. ज्या एका रेषेला पुढचं दिसतं, तिच्या हातात काठीच नाही.

तीन रेषा, तीन कार्यालयं. पाणी मात्र एकच. नदी, भरती आणि फुगवटा एकाच तासाला बाळकुमला भेटले, तर त्या बेरजेची रेषा कुठल्या नकाशावर आहे? मी म्हणतो, धोका मोजायचा तो या गाठीचा. बाकीचं मोजणं त्याची तयारी.

आणि ही गाठ कल्पनेतली नाही. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, आणि दुपारी तो धरत होता त्याच सुमाराला 4.48 मीटरची भरती. नाल्यांची तोंडं भरतीनं बंद, वरून आभाळ फाटलेलं. पुढे माधवराव चितळे यांची समिती बसली, अहवाल आला, मुंबईनं पंपिंग स्टेशनं धरली. त्या दिवशी वादळ नव्हतं, फुगवटा नव्हता. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. ती उल्हासची करामत. त्या दिवशी खाली खाडीत पुन्हा भांग होता, हे पंचांगात बघता येतं.

कोणी म्हणेल, वादळं येतात मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नदीला पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. भेटणार कसे? बरोबर आहे, भर पावसाळ्यात वरच्या थरातले वारे वादळाला उभंच राहू देत नाहीत. पण वादळ स्वतःचा पाऊस घेऊन येतं, तौक्तेनं दाखवलं. मेमध्ये तो पाऊस तहानलेल्या जमिनीवर आणि रिकाम्या धरणांत पडतो. ऑक्टोबरच्या शेवटी मात्र बारवी काठोकाठ, भातसा काठोकाठ, जमीन ओली. तेव्हा वादळाचा पाऊस पडला तर तो साठणार कुठे? मला मेपेक्षा दिवाळीच्या आसपासच्या वादळाची धास्ती जास्त वाटते. 1854 नोव्हेंबर, 1948 नोव्हेंबर, 2009 नोव्हेंबर. आपली नालेसफाई मात्र होते मेमध्ये, पावसाळ्यासाठी. दसऱ्यानंतर नाल्याकडे कोण बघतं?

या पाण्यापुढे उभं काय आहे, तेही बघायला हवं. जुन्या बाळकुम गावातली बैठी घरं, साकेत-राबोडीकडच्या सखल गल्ल्या, पलीकडे खारीगाव, मुंब्र्याचं रेतीबंदर. तिथं फूटभर पाणी म्हणजे गहू-तांदूळ, गाद्या, शाळेची पुस्तकं. आणि टॉवर? तिसाव्या मजल्यावर पाणी येणार नाही. पण मीटर रूम कुठाय? पाण्याचा पंप, जनरेटर, लिफ्टचा खड्डा? तळघरात नाहीतर तळमजल्यावर. तिथं दोन फूट पाणी शिरलं की तिसाव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना पाणी नाही, लिफ्ट नाही, डायलिसिसला जायची सोय नाही. गरिबाचं घर बुडतं, श्रीमंताचं अधांतरी लटकतं.

तिवरांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण त्यांच्या नावानं दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. तिवर लाटेचा जोर मोडतात, हे खरं. तासन्‌तास वर राहणारा फुगवटा खाडीकाठची चिंचोळी झाडी अडवील, हे खरं नाही. तिवरांच्या जागेचं मोल दुसरंच आहे. ते पाण्याचं अंगण आहे. चढलेलं पाणी पसरायला तिथं जागा मिळते. त्यावर राडारोड्याचा भराव टाकला की ते पाणी दुसरीकडे जागा शोधतं. मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये कांदळवनं तोडायला बंदी केली, पण रात्रीचे डंपर थांबले का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. उलट दिशेनं, वर्षानुवर्षांच्या रेती उपशानं खाडीचा तळ बदलला. तळ खोल झाला की घर्षण कमी होतं आणि भरती अधिक जोमानं आत येते. पात्र चिंचोळं झालं की पाणी उंच होतं. या ओढाताणीत बाळकुमला कोण जिंकतं, हे तळ मोजल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. मोबाइलवर फिरणारे ‘2050 मध्ये काय बुडणार’ असले नकाशे तर मुळीच नाही. उपग्रहाच्या जुन्या मोजणीत झाडाचा शेंडा आणि घराचं छप्पर हीच जमीन समजली जाते.

आता बाळकुम ते गायमुख किनारी मार्ग होतोय, सुमारे साडेतेरा किलोमीटरचा. मी त्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. घोडबंदर रोडवर तास-तास मीही काढलेत. माझे प्रश्न साधे आहेत. जिथं तो खांबांवर आहे तिथं ठीक. जिथं भरावावर आहे, तिथं तो बांध होणार. मग त्याच्या पोटातून जाणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाची पातळी काय धरली? झडपा आहेत का? झडप बंद असताना आतलं पावसाचं पाणी उपसायला पंप आहेत का? कोकणातला खारभूमीचा शेतकरी बांध घालतो तेव्हा आधी उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची जागा ठरवतो, आणि उधाणात खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर कोण धावणार हेही ठरलेलं असतं. साडेतेरा किलोमीटरच्या बांधाला हे विचारायला नको?

काय करायचं, ते आटोपतं सांगतो. खाडीवर भरतीमापक हवा. बाळकुमला, दुर्गाडीला, गायमुखला, आणि त्याचे आकडे सगळ्यांना दिसायला हवेत. अपोलो बंदरच्या कोष्टकावर आपण किती दिवस काढायचे? मुंबईसाठी 2020 मध्ये पूर-इशाऱ्याची जी यंत्रणा उभी राहिली तिच्यात पाऊस, नदी, भरती आणि वादळी फुगवटा यांचा हिशेब एकत्र होतो. उल्हासच्या खाडीसाठी तसाच हिशेब मागायला हवा. आणि धोकारेषेला परवानगीच्या कागदावर जागा हवी. निदान मीटर रूम तिच्या वर बांधा, एवढी अट तरी.

पण तुमच्या हातातलं एक काम आहे, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. प्रत्येक सोसायटीनं आणि गावातल्या प्रत्येक आळीनं तीन उंच्या काढून घ्याव्यात: जोत्याची, मीटर रूमच्या तळाची आणि जवळच्या नाल्याच्या कठड्याची. तिन्ही एकाच शून्यापासून, समुद्राच्या सरासरी पातळीपासून. लेव्हल घेऊन आलेला सर्व्हेअर एका दिवसात अशा दहा-बारा इमारती करतो. चार सोसायट्यांनी मिळून बोलावला तर खर्च गणपतीच्या मंडपाहून कमी येईल. ते आकडे इथल्या वाचनालयाच्या फळ्यावर लागले, तर पुढचा इशारा येईल तेव्हा आधी कोणाच्या दारात जायचं, हे मुंबईहून विचारून घ्यावं लागणार नाही.

वेळ संपत आली आहे आणि मागच्या काकांचा हात बराच वेळ वर आहे. माइक त्यांच्याकडे द्या.